पुरवठा साखळीतील वेठबिगारी : उद्योगांची जबाबदारी

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार, वेठबिगार आणि सक्तीच्या श्रमाचे तत्सम सर्व प्रकार यांना मनाई केली आहे. मूलभूत हक्कांसंबंधीच्या बहुतेक तरतुदी शासनसंस्थेला उद्देशून आहेत. हा अनुच्छेद मात्र खाजगी व्यक्ती, ठेकेदार आणि कंपनी यांनाही तितकाच बंधनकारक आहे. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५ रोजी अमलात आला आणि १९७६ मध्ये त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. तेव्हापासून देशात ३ लाखांहून अधिक वेठबिगार शोधून मुक्त करण्यात आले आहेत.

हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२१ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या श्रमात अडकलेले होते. त्यांपैकी ८६ टक्के खाजगी अर्थव्यवस्थेत होते. आज या स्थितीला ‘आधुनिक गुलामगिरी’ असे म्हटले जाते. पायांत बेड्या नसतात, विक्रीचा बाजार भरत नाही. तरीही माणूस काम सोडून जाऊ शकत नाही. त्याच्या श्रमातून निघालेली वीट, साखर, सूत किंवा गालिचा अनेक हातांतून फिरत एखाद्या प्रतिष्ठित कंपनीच्या गोदामात पोहोचतो. त्या कंपनीच्या हिशेबवहीत केवळ खरेदीची रक्कम दिसते. त्या मालामागे कोणाचे कर्ज आहे, हे दिसत नाही. पुरवठा साखळीतील वेठबिगारी रोखण्याच्या प्रश्नाचे मर्म या न दिसण्यातच आहे.

वेठबिगारी कशाला म्हणावे?

१९७६ च्या अधिनियमाने वेठबिगारीची व्याख्या व्यापक ठेवली आहे. उचल अथवा अन्य मोबदल्याच्या बदल्यात एखाद्या व्यक्तीने किमान वेतनाचा हक्क, अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य, देशात मुक्तपणे फिरण्याचा हक्क किंवा आपला माल बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावला असेल, तर ती वेठबिगारी होय. यांपैकी कोणताही एक हक्क गमावणे पुरेसे आहे. मारहाण किंवा कोंडून ठेवणे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. कर्ज वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भारही धनकोवरच आहे.

या विषयावरील दोन न्यायनिर्णय उद्योगांनी आवर्जून अभ्यासावेत असे आहेत. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत चाललेल्या बांधकामांवरील मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. त्या वेळी किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार ही मजुरी जमादारांच्या हाती देत आणि जमादार प्रत्येक मजुरामागे रोज १ रुपया दलाली कापून घेत. मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करणाऱ्या माणसाला दारिद्र्य आणि उपासमार यांची सक्तीच तसे करावयास लावते. म्हणून ते सक्तीचेच श्रम होत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मजूर ठेकेदाराचे आहेत, असे सांगून बांधकाम करवून घेणाऱ्या यंत्रणांना कामगार कायद्यांच्या पालनाची जबाबदारी टाळता येणार नाही, हेही स्पष्ट केले. पुढे १९८३ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसून आल्यास त्यामागे उचल असल्याचे गृहीत धरावे आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे, असे त्या निर्णयाने सांगितले.

उचलीचे गणित

वेठबिगारीचा आरंभ बहुधा कारखान्यात होत नाही. तो मजुराच्या गावात, टंचाईच्या महिन्यांत होतो. ओडिशातील बलांगीर, नुआपाडा या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे तेलंगणा आणि अन्य राज्यांतील वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळा सरताना सरदार गावात येतो आणि उचल देतो. त्या पैशातून जुने देणे, आजारपण, लग्न अशा गरजा भागतात. पैसे हाती घेताना विटांचा दर, कामाचे तास आणि हिशेब कधी होणार, यांविषयी लेखी काहीच नसते. नवरा, बायको आणि अनेकदा मुलेही एकत्र राबतात. मजुरी मात्र हजार विटांमागे आणि कुटुंबप्रमुखाच्या नावावर मांडली जाते.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाने ६० हजार रुपये उचल घेतली आणि सहा महिन्यांत १ लाख विटा पाडल्या. दर हजार विटांमागे ६०० रुपये असेल, तर मजुरी ६० हजार रुपये झाली आणि उचल फिटली, असे वाटेल. परंतु भट्टीवर राहताना दर आठवड्याला खर्चासाठी मिळालेले १ हजार रुपये उचलीत जमा होत असतात. २६ आठवड्यांचे २६ हजार रुपये कुटुंबाच्या नावावर उरतात आणि पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर येणे भाग पडते. दर हजारी ८६० रुपये मिळाला असता, तर कुटुंब ऋणमुक्त होऊन घरी परतले असते. फरक एका विटेमागे २६ पैशांचा आहे. विटा खरेदी करणाऱ्या बांधकाम कंपनीच्या एकूण खर्चात या २६ पैशांना फारसे स्थान नाही. त्या कुटुंबाचे पुढचे वर्ष मात्र त्यांवर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील ऊसतोडणीची व्यवस्थाही याच धर्तीची आहे. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. साखर कारखाना वाहतूकदाराला, वाहतूकदार मुकादमाला आणि मुकादम कोयत्याला पैसे देतो. मजुरी टनावर ठरते आणि ती उचलीतून वळती होते. कामावर न आल्यास ‘खाडा’ म्हणून रक्कम कापली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे जी माहिती आली, तिच्यानुसार सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकण्यात आली होती. मासिक पाळी अथवा आजारपणामुळे पडणारा खाडा परवडत नाही, हे या शस्त्रक्रियांमागील एक कारण म्हणून पुढे आले. ही साखर मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये यांच्या कारखान्यांत जाते. खरेदीदार साखरेची प्रत तपासतो. खाड्याची नोंद मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

उचल नेहमी आधीच दिली जाते असेही नाही. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत अनेक वर्षे चाललेल्या ‘सुमंगली’ पद्धतीत ग्रामीण मुलींना सुमारे तीन वर्षांच्या करारावर आणले जाई आणि लग्नासाठी ठरावीक रक्कम करार पूर्ण झाल्यावर देण्याचे आश्वासन दिले जाई. मुदतीपूर्वी काम सोडल्यास ती रक्कम बुडे. येथे कर्ज मजुराकडे नव्हते; मजुराचेच पैसे मालकाकडे अडकलेले होते. परिणाम मात्र तोच, काम सोडण्याचे स्वातंत्र्य नष्ट होणे.

कायद्याची कक्षा आणि तिची मर्यादा

ठेकेदाराने मजुरी न दिल्यास ती मुख्य नियोक्त्याने दिली पाहिजे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रम संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही ते कायम आहे. कर्मचाऱ्यांना नियुक्तिपत्र देण्याची तरतूदही या संहितेत आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम या संहितांत विलीन झालेला नाही. तो स्वतंत्रपणे लागू आहे. कंपनीने केलेल्या अपराधाबद्दल तिच्या कारभारास जबाबदार असलेल्या व्यक्तींवर कारवाई करण्याची तरतूद त्यात आहे. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २ हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच असून दंडाची ही रक्कम १९७६ मधील आहे.

मुख्य नियोक्त्याची ही जबाबदारी ज्यांच्याकडून कंपनी काम करून घेते, त्या ठेकेदारांपुरती आहे. जो केवळ माल विकतो, त्या पुरवठादाराचे मजूर तिच्या कक्षेत येत नाहीत. वीट विकत घेणारा विकासक भट्टीवरील मजुरांचा मुख्य नियोक्ता ठरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक देशांनी पुरवठा साखळीविषयी स्वतंत्र कायदे केले. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी अधिनियमानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करावे लागते. ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपन्याही त्यात येतात. तथापि ‘आम्ही कोणतीही उपाययोजना केलेली नाही’ असे निवेदनही त्या कायद्याला चालते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असाच कायदा केला. सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला बाजारपेठ नाकारणारा युरोपीय संघाचा २०२४ चा नियम डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. अमेरिकेत अशी आयातबंदी १९३० पासूनच आहे. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यातील एका वस्त्रनिर्यातदाराचा माल जुलै २०२२ मध्ये याच तरतुदीखाली तेथे रोखण्यात आला. सुधारणांची माहिती सादर झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो निर्बंध उठला. निर्यातदार उद्योगांच्या दृष्टीने हा प्रश्न नीतीबरोबरच व्यवसायाच्या स्थैर्याचाही आहे.

आपल्याकडे २०१९ च्या जबाबदार व्यवसाय आचरणविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मूल्यसाखळीतील कामगारांच्या हिताचा आणि मानवी हक्कांचा समावेश आहे. त्या आधारे सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १ हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सादर करणे बंधनकारक केले. स्वतःच्या कारखान्यांपैकी किती ठिकाणी बालमजुरी आणि सक्तीचे श्रम यांविषयी मूल्यांकन झाले, हे अहवालात सांगावेच लागते. मूल्यसाखळीतील पुरवठादारांविषयीची तीच माहिती मात्र ऐच्छिक निर्देशकांत मोडते. म्हणजे जेथे धोका कमी तेथे माहिती अनिवार्य आणि जेथे धोका अधिक तेथे ती ऐच्छिक, अशी आजची स्थिती आहे. ज्या कंपन्यांना खरोखरच प्रतिबंध करावयाचा आहे, त्यांनी कायद्याने आखलेल्या किमान मर्यादेवर थांबून चालणार नाही.

प्रतिबंधाची पावले

पहिले पाऊल साखळीचा शोध घेण्याचे. पुरवठादारांची यादी तयार करणे म्हणजे साखळी समजणे नव्हे. माल कोठून येतो, याबरोबरच मजूर कोठून येतो, त्याला कोण घेऊन येतो आणि प्रवासखर्च कोण देतो, हे प्रश्न विचारले पाहिजेत. हंगामी काम, परजिल्ह्यातील वा परराज्यातील मजूर, तुकड्यावर मजुरी आणि मध्यस्थांची उतरंड ही चार लक्षणे एकत्र आढळतात, तेथे धोका सर्वाधिक समजावा. पाहणीची सुरुवात तेथूनच व्हावी.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल उचल उघड हिशेबात आणण्याचे. उचल एकाएकी बंद केल्यास गरजू कुटुंब सावकाराकडे वळेल. त्यामुळे तिच्यावर बंदी घालण्यापेक्षा तिचे स्वरूप बदलणे इष्ट ठरेल. ती लेखी आणि बिनव्याजी असावी, तिला मर्यादा असावी आणि पुरवठादाराशी केलेल्या करारात तिच्या अटी नमूद असाव्यात. वेतन संहितेनुसार एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक करता येत नाही, हे बंधन पाळले जावे. बाकी पुढच्या हंगामावर ओढली जाऊ नये आणि बाकी असली, तरी काम सोडून जाण्याची मुभा असावी. पती आणि पत्नी यांचे हिशेब वेगळे ठेवून प्रत्येकाची मजुरी स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी. एवढे झाले, तरी मुकादमाच्या खिशातील वहीची सत्ता बऱ्याच अंशी संपेल.

तिसरे पाऊल भरतीच्या खर्चाविषयीचे. कामगाराकडून भरतीचा खर्च वा दलाली घेतली जाऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१६ मध्ये मान्य केले आहे. मुकादमाचे कमिशन आणि प्रवासभाडे मजुरीतून वळते होत असेल, तर ते कंपनीच्या खरेदीदरात धरले पाहिजे.

चौथे पाऊल खरेदी विभागाचे, आणि त्याच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. एकीकडे पुरवठादाराकडून सदाचाराच्या संहितेवर सही घ्यायची आणि दुसरीकडे किमान वेतन देणे अशक्य होईल असा दर लावायचा, हे परस्परविरोधी आहे. दर ठरविताना मालाच्या किमतीतील मजुरीचा भाग वेगळा काढून तो किमान वेतनाशी ताडून पाहावा. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके कराराने ठरलेल्या मुदतीत आणि कमाल ४५ दिवसांत देण्याचे २००६ च्या अधिनियमाचे बंधन पाळले गेले, तर पुरवठादारालाही मजुरांची मजुरी हंगामाच्या अखेरपर्यंत अडवून ठेवण्याचे कारण उरणार नाही.

पाचवे पाऊल तपासणीची पद्धत बदलण्याचे. आगाऊ कळवून, कार्यालयात बसून आणि मालकाच्या उपस्थितीत केलेल्या तपासणीत हजेरीपट नीटनेटका दिसतो. वेठबिगारी दिसत नाही. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूरच्या गालिचा उद्योगात १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘रगमार्क’ उपक्रमाने, जो २००९ पासून ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखला जातो, पूर्वसूचना न देता थेट मागांवर जाऊन पाहणी करण्याची पद्धत रूढ केली. तिचा धडा अन्य उद्योगांनी घ्यावा. मजुरांशी त्यांच्या भाषेत, कामाच्या जागेबाहेर बोलावे. महिलांशी महिलांनीच बोलावे. भेट दोनदा व्हावी : हंगामाच्या आरंभी, जेव्हा उचलीची रक्कम स्मरणात असते, आणि अखेरीस, जेव्हा हिशेब होतो. ओळखपत्रे कोणाजवळ आहेत, आजारपणात रजा मिळते का, उद्या घरी जावेसे वाटले तर जाता येईल का, या साध्या प्रश्नांची उत्तरे बरेच काही सांगून जातात.

बाहेरच्या तपासनीसापेक्षा तेथे रोज काम करणारा माणूस अधिक जाणतो. म्हणून कामगार संघटनांना प्रवेश आणि मान्यता देणे हे प्रतिबंधाचे प्रभावी साधन आहे. वर उल्लेखिलेल्या दिंडिगलमध्येच एप्रिल २०२२ मध्ये स्थानिक महिलाप्रणीत कामगार संघटना, वस्त्रनिर्यातदार आणि परदेशी खरेदीदार यांच्यात लिंगाधारित हिंसा व छळ रोखण्यासाठी करार झाला. खरेदीदारावरही बंधन घालणारा म्हणून तो लक्षणीय आहे.

वेठबिगारी आढळल्यास

प्रतिबंधाचे प्रयत्न करूनही वेठबिगारीचे प्रकरण उघडकीस येऊ शकते. अशा वेळी पुरवठादाराशी संबंध तोडून मोकळे होण्याचा मोह कंपन्यांना होतो. त्यामुळे कंपनीचे नाव वाचते. मजूर मात्र त्याच कर्जासह दुसऱ्या भट्टीवर जातो. अशा प्रसंगी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळविणे हे पहिले कर्तव्य होय. मजुराला मुक्ती प्रमाणपत्र मिळवून देणे, थकीत मजुरी अदा करविणे आणि जिल्हा व उपविभाग स्तरावरील दक्षता समित्यांना साहाय्य करणे हे पुढचे टप्पे आहेत. वेठबिगारीचे कर्ज कायद्यानेच रद्द होते. ते फेडण्याची गरज नसते, हे मजुराला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

केंद्र शासनाच्या पुनर्वसन योजनेनुसार मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला व बालकांना २ लाख आणि लैंगिक शोषण वा अपव्यापारासारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये साहाय्य मिळते. तातडीच्या मदतीसाठी ३० हजार रुपयांपर्यंतची रक्कम आहे. पुनर्वसनाची उर्वरित कार्यवाही मात्र खटल्याच्या निकालाशी निगडित असल्याने दीर्घकाळ रेंगाळते. या काळात कंपनीने पर्यायी रोजगार आणि मजुरीची हमी दिल्यास मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच मुकादमाकडे जाणार नाही.

शासन आणि समाज

उचलीची गरज टंचाईतून निर्माण होते. म्हणून मजुरांच्या मूळ गावात पर्याय उभे राहणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील महिला बचतगटांचे कर्ज, कोणत्याही राज्यात धान्य मिळवून देणारी ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजना आणि ई-श्रम नोंदणी यांचा लाभ स्थलांतरापूर्वीच मिळाला, तर सरदारापुढे हात पसरण्याची वेळ कमी जणांवर येईल. कंपन्यांनी आपला सामाजिक दायित्व निधी या गावांकडे वळविणे उपयुक्त ठरेल. मात्र तो योग्य खरेदीदराला पर्याय होऊ शकत नाही. शासनसंस्था स्वतःही वीट, खडी आणि गणवेशाच्या कापडाची मोठी खरेदीदार आहे. निविदेच्या अटींत उचलीची लेखी नोंद आणि बँकेतून मजुरी यांचा समावेश करून ती उद्योगांपुढे उदाहरण ठेवू शकते.

आशियाई स्पर्धांच्या वेळी जमादाराने कापलेला एक रुपया सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या दृष्टीने पाहिला आणि बांधकाम करवून घेणाऱ्यांना त्याचा जाब विचारला. आज पुरवठ्याची साखळी अधिक लांब झाली आहे. तत्त्व मात्र बदललेले नाही. ज्याला मालाचा लाभ मिळतो, त्याने त्या मालामागच्या मजुरीचा हिशेबही ठेवला पाहिजे. वार्षिक अहवालातील ‘सक्तीचे श्रम आढळले नाहीत’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी प्रत्येक संचालक मंडळाने आपल्या खरेदी विभागाला एकच प्रश्न विचारावा : आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाची उचल कोणाच्या वहीत आहे? त्या प्रश्नाचे उत्तर जेव्हा कंपनीजवळ असेल, तेव्हाच अनुच्छेद २३ चे आश्वासन कारखान्याच्या फाटकापलीकडे भट्टीपर्यंत आणि फडापर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.